दोन ईएल३४ चं हेड: हार्ड रॉक टोनसाठी बांधणीच्या नोंदी

५ जानेवारी

गिटारसाठी ट्यूबचं हेड, म्हणजे स्पीकर वेगळा असलेला अ‍ॅम्प, बांधायचंय. त्याचं सर्किट ठरलं. मार्शलच्या २२०४ या ५० वॅटच्या मास्टर व्हॉल्यूम हेडचा आराखडा घेतोय. तीन ईसीसी८३ (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या ट्यूब), दोन ईएल३४ (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूब), डायोडचा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग). १०० वॅटचं २२०३ आणि त्याचा हा धाकटा भाऊ १९७० च्या दशकाच्या मध्यात आले, आणि १९८१ पासून तेच सर्किट जेसीएम८०० या नावाने विकलं गेलं. यात भाग मोजके आहेत, जवळजवळ प्रत्येक भागाचा परिणाम कानाला कळतो, आणि बदल करून बघायला भरपूर वाव आहे.

काय हवंय ते आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटणार नाही. जाड पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पंचम एकत्र), पण प्रत्येक स्ट्रोक सुटा ऐकू यायला हवा. पाम म्यूट केला (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलं) की आवाज तिथेच तुटला पाहिजे. आणि गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला की अ‍ॅम्प स्वच्छ व्हायला हवा.

११ जानेवारी

सामान आलं. निम्म्याहून जास्त खर्च दोन ट्रान्सफॉर्मर आणि चोकवर (सप्लाय गुळगुळीत करणारी कॉइल) गेलाय, आणि तो तसाच जायला हवा. रेझिस्टर, कपॅसिटर केव्हाही बदलता येतात, ट्रान्सफॉर्मर एकदा पत्र्यावर बसला की बसला. पॉवर ट्रान्सफॉर्मर घेताना ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगचा करंट नक्की बघा. ईएल३४ चा फिलामेंट (ट्यूब तापवणारी तार) १.५ अँपिअर खातो, ईसीसी८३ चा ०.३. दोन अधिक तीन ट्यूब मिळून ३.९ अँपिअर होतात. मी ५ अँपिअरचं वाइंडिंग घेतलं.

जुन्या साठ्यातल्या महागड्या ट्यूब आणि ‘व्हिंटेज’ कपॅसिटर घेतले नाहीत. आधी सर्किट शांत आणि स्थिर होऊ दे, मग त्यांचा विचार.

१४ जानेवारी

ट्रान्सफॉर्मरच्या जागा ठरवल्या. भोकं पाडण्याआधी ही युक्ती वापरा: आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडायचे, पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला वीज द्यायची (बाकीच्या सगळ्या वायरींची टोकं टेप लावून बंद), आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत, सरकवत हम (विजेची घूं) ऐकायची. एका ठिकाणी ती जवळजवळ नाहीशी होते. माझ्याकडे दोन्ही गाभे एकमेकांना काटकोनात आल्यावर तसं झालं. खुणा केल्या आणि मगच ड्रिल हातात घेतलं.

२० जानेवारी

पत्रा तयार, सॉकेट बसवले, फिलामेंटच्या वायरी घट्ट पीळ देऊन कोपऱ्याकोपऱ्याने नेल्या. ईसीसी८३ ला ४ आणि ५ या पिना एकत्र जोडून एक बाजू, ९ ही दुसरी बाजू. ईएल३४ ला २ आणि ७. शिवाय ईएल३४ ची १ नंबरची पिन ८ नंबरला जोडायला विसरू नका. ६एल६ या दुसऱ्या पॉवर ट्यूबचा आराखडा समोर ठेवून काम करणाऱ्यांकडून ही जोडणी हमखास राहते.

पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर २२० के (के म्हणजे हजार ओहम), २ वॅटचा ब्लीडर रेझिस्टर लावला. अ‍ॅम्प बंद करून प्लग काढल्यावरही या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टहून जास्त साठा राहतो आणि त्याने माणूस मरू शकतो. ब्लीडर काही मिनिटांत तो उतरवतो. तरी दर वेळी मीटर लावून बघायचं, आणि आकडा ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालायचा नाही. चालू अ‍ॅम्पमध्ये मापं घेताना मीटरची काळी क्लिप आधीच पत्र्याला लावलेली, एका हातात लाल टोक, दुसरा हात पाठीमागे.

३ फेब्रुवारी

बोर्डाचं काम संपलं. वेळ अंदाजापेक्षा खूप जास्त गेला, कारण एका बाजूचे रेझिस्टर पुन्हा काढून लावावे लागले. बोर्डाखालून जाणाऱ्या वायरी आधी घालायच्या असतात. तो क्रम चुकला की सगळं उलगडावं लागतं.

पहिल्या स्टेजच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या, कॅथोडला मूळ आराखड्यात २.७ के आणि ०.६८ मायक्रोफॅरड आहे. मी मुद्दाम ८२० ओहम आणि २५ मायक्रोफॅरड लावलंय. जाड आवाज हवा, तर बास सुरुवातीपासून पूर्ण येऊ दे, असा विचार. ऐकून ठरवू.

८ फेब्रुवारी

पहिल्यांदा वीज दिली. सप्लायच्या मध्ये १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घातला होता. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. ट्यूब न लावता बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे ठीक.

मग ईएल३४ च्या दोन्ही सॉकेटवर ५ नंबरच्या पिनला निगेटिव्ह व्होल्टेज येतंय का ते बघितलं. हे बघितल्याशिवाय ट्यूब लावायच्याच नाहीत. दोन्हीकडे उणे ४५ होतं. ट्रिमर (हे व्होल्टेज ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) सर्वांत निगेटिव्ह टोकाला ठेवून ट्यूब लावल्या, स्पीकर जोडला (स्पीकर किंवा लोड नसताना ट्यूब अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो), आणि स्टँडबायचा स्विच उघडला.

कान फाटेल अशी शिट्टी. लगेच बंद केलं.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून फेज इन्व्हर्टरला (सिग्नलच्या दोन उलट प्रती करून दोन ईएल३४ ना देणारा भाग) परत येणारा फीडबॅक उलट्या दिशेने आलेला असतो, त्यामुळे तो आवाज आवरायच्या ऐवजी वाढवत जातो. दोन्ही ईएल३४ च्या ३ नंबरच्या पिनांवरच्या प्रायमरीच्या वायरींची अदलाबदल केली. शिट्टी गेली. वायरी शेवटच्या मापाला कापलेल्या नव्हत्या म्हणून हे सोपं गेलं. पहिली चाचणी होईपर्यंत या दोन वायरी लांबच ठेवा.

९ फेब्रुवारी

बायस, म्हणजे ईएल३४ ला दिलेलं ते निगेटिव्ह व्होल्टेज. काही वाजत नसतानाचा करंट त्यावर ठरतो. दोन्ही ईएल३४ च्या कॅथोड आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. प्लेटला ४१२ व्होल्ट. ३८ मिलिअँपिअरवर स्थिर केलं. ४१२ गुणिले ०.०३८ म्हणजे सुमारे १५.७ वॅट, स्क्रीनचा करंट धरून. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट आहे. १७.५ पर्यंत जाता आलं असतं, पण ३८ च्या पुढे आवाजात फरक ऐकू आला नाही, फक्त उष्णता वाढली.

१० फेब्रुवारी

वाजतोय, पण हम आहे. हमचा शोध घ्यायला गिटारच उपयोगी पडते. ५० हर्ट्‌झच्या विजेवर फिलामेंटची हम ५० हर्ट्‌झची असते, तर रेक्टिफायर आणि ग्राउंडच्या गडबडीची १०० हर्ट्‌झची. खालच्या ई तारेचा तिसरा पडदा, म्हणजे जी, ९८ हर्ट्‌झचा. हम त्या सुराच्या अगदी जवळ असेल तर दोष फिल्टर किंवा ग्राउंडमध्ये, आणि त्याच्या खालच्या सप्तकात असेल तर फिलामेंटमध्ये. माझी हम त्या जी ला जवळजवळ जुळत होती, वर करकरीत कड घेऊन.

पहिल्या फिल्टर कपॅसिटरचं ग्राउंड मी प्रीअ‍ॅम्पच्या ग्राउंड वायरीला जोडलं होतं. त्या कपॅसिटरमध्ये दर सेकंदाला १०० वेळा करंटचे जोरदार झटके जातात, आणि प्रीअ‍ॅम्पच्या वायरीतून गेले की ते पुढे शेकडो पटींनी वाढून ऐकू येतात. आता पहिला कपॅसिटर, बायसचं ग्राउंड आणि ईएल३४ चे कॅथोड पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ एका बोल्टला, आणि प्रीअ‍ॅम्पचं सगळं इनपुट जॅकजवळ दुसऱ्या बोल्टला. करकर बंद झाली. थोडी ५० ची हम उरलीय. ती नंतर.

१६ फेब्रुवारी

आज खऱ्या अर्थाने वाजवलं, आणि निराशा झाली. एकेक सूर सुंदर. पॉवर कॉर्ड मात्र गदळ. गेन ५ च्या पुढे गेला की पाम म्यूटमागे घोंघाट राहतो, आणि वेगाने वाजवलं तर स्ट्रोक एकमेकांत मिसळतात. ट्रेबल वाढवला तर घोंघाट तसाच आणि वर टोचणारी किनार. बास शून्यावर आणला तरी गदळपणा जात नाही.

बास शून्यावर असूनही चिखल उरतो, याचा अर्थ तो टोनच्या पॉटांच्या (बास, मिडल, ट्रेबलच्या फिरत्या बटणांच्या) आधीच झालेला आहे. तिथून उलगडायला सुरुवात केली.

१८ फेब्रुवारी

अजून गेन देऊन बघितला, कारण ‘हेवी’ आवाज ऐकला की हात आपोआप तिकडे जातो. दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडला १० के आहे आणि त्याला बायपास कपॅसिटर (समांतर लावलेला, गेन वाढवणारा) नाही. ही स्टेज जवळजवळ बंद होण्याच्या काठावर चालते, त्यामुळे सिग्नलची एक बाजू लवकर कापली जाते आणि दुसरी उशिरा. या सर्किटचा कडक, चावणारा स्वभाव तिथून येतो. तिथे २.७ के लावलं. गेन भरपूर वाढला आणि चावा गेला. आवाज मऊ, लांबट, सगळ्या सुरांना सारखा. १० के परत लावलं. अख्खी सुट्टी यात गेली, पण आता ती स्टेज का तशी आहे ते कानाला कळलंय.

२३ फेब्रुवारी

पहिल्या स्टेजला ८२० ओहम आणि २५ मायक्रोफॅरड काढून मूळचं २.७ के आणि ०.६८ मायक्रोफॅरड लावलं. एवढा एकच बदल.

अ‍ॅम्प बदलला. पाम म्यूट तुटायला लागले. पॉवर कॉर्ड जाडच, पण आतल्या दोन्ही तारा वेगळ्या कळतात. हे इतक्या स्पष्टपणे ऐकू येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून दोन्ही जोड्या मगरक्लिपने आलटून पालटून लावून खात्री केली, दर वेळी बंद करून आणि कपॅसिटर उतरवून.

कारण असं. ०.६८ चा कपॅसिटर खालच्या पट्टीत कॅथोडला नीट बायपास करत नाही. साधारण ५०० हर्ट्‌झच्या वर स्टेज जवळजवळ पूर्ण गेन देते, आणि ९० च्या खाली गेन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. खालच्या ई वर पॉवर कॉर्ड वाजवला की ८२ आणि १२३ हर्ट्‌झ एकत्र येतात. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या फरकाचा सूर तयार होतो, म्हणजे इथे ४१ हर्ट्‌झ. थोडा असेल तर कॉर्ड भारदस्त वाटतो. पण मूळ सिग्नलमध्येच बास भरमसाट असेल तर तो सगळ्या स्टेजना खालच्या लहरींवर झुलवत ठेवतो, आणि वरचे सूर त्या लहरींबरोबर कापले जातात. मग टोनच्या पॉटवर बास कितीही कमी केला तरी उपयोग नाही, कारण नुकसान आधीच झालेलं असतं. टोन स्टॅकनंतर (टोनच्या पॉटांच्या सर्किटनंतर) मात्र बास हवा तितका परत देता येतो, तिथे तो स्वच्छ राहतो. मी आता बास ६ वर ठेवतो.

मार्शलच्या इतिहासातही हेच घडलेलं दिसतं. जेटीएम४५ फेंडरच्या बासमनच्या ५एफ६-ए सर्किटवरून आलं, आणि त्यात पहिल्या ट्यूबच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच ८२० ओहम आणि मोठा कपॅसिटर होता. पुढे सुपर लीडमध्ये ते कॅथोड वेगळे झाले आणि लीडच्या बाजूला २.७ के व ०.६८ आलं. स्टेजमधल्या ४७० के रेझिस्टरवर समांतर लावलेला ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटरही याच कामाचा, तो साधारण ७२० हर्ट्‌झच्या वरचा भाग पुढे ढकलतो. हार्ड रॉकचा टोन घडतो तो आधी बास छाटून, मग कापून, मग बास परत भरून. मला या सगळ्या प्रकल्पातून हीच गोष्ट सगळ्यांना सांगायची आहे.

१ मार्च

नवा त्रास. गेन ७ च्या वर आणि प्रेझेन्स (सर्वांत वरची पट्टी वाढवणारा पॉट) पूर्ण असताना सुरांवर बारीक फाटकी खरखर येते, आणि ईएल३४ जास्त तापतात. ऑसिलोस्कोप नाही. मग १ ओहमवर मीटर लावला आणि गिटार न जोडता पॉट फिरवले. काहीच वाजत नसताना करंट ३८ वरून ५५ वर गेला. म्हणजे अ‍ॅम्प कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत स्वतःच आंदोलन करतोय.

लाकडी काडीने वायरी हलवत गेलो. मास्टरच्या पॉटवरून परत येणारी वायर पहिल्या ट्यूबच्या ग्रिडच्या वायरीजवळून जात होती. तिला मागच्या कडेने वळवलं, पहिल्या ग्रिडला शील्ड केबल (शील्ड फक्त जॅकच्या टोकाला ग्राउंड), आणि ईएल३४ चे ५.६ के चे ग्रिड स्टॉपर (असं आंदोलन रोखणारे रेझिस्टर) बोर्डावरून काढून थेट सॉकेटच्या पिनवर डाखले. रेझिस्टर आणि पिन यांच्यातली लांब वायर अँटेनासारखी वागते. आता पॉट कुठेही असोत, करंट ३८ ते ३९.

९ मार्च

एका ईएल३४ ची प्लेट लाल झाली. दिव्याच्या उजेडात लवकर दिसत नाही, म्हणून नव्या अ‍ॅम्पला पहिले काही तास अंधारात चालवून बघा. लगेच स्टँडबाय, मग मेन्स.

त्या बाजूचा बायस नेणारा २२० के चा डाख कोरडा निघाला. थंड असताना मीटरवर उणे व्होल्टेज बरोबर दिसायचं, पत्रा तापला की सुटायचं. डाख साफ करून नव्याने दिला. त्याच ट्यूबचा १ के चा स्क्रीन रेझिस्टर १.४ के दाखवत होता, तोही बदलला. स्क्रीनला ५ वॅटचे वायरवाउंडच वापरा आणि बोर्डापासून उचलून लावा. ट्यूब वाचलीय असं वाटतंय, तरी जोडी म्हणून आता तिच्यावर विश्वास नाही. नवी जोडी घेतली. या नोंदीतला सर्वांत महाग डाख हाच.

१५ मार्च

अर्ध्या तासाने तडतड यायला लागते, थंड असताना नाही. ट्यूब एकेक करून बदलल्यावर दोष दुसऱ्या ईसीसी८३ मध्ये सापडला. तिचा अर्धा भाग कॅथोड फॉलोअर (गेन न देता पुढच्या भागाला जोर देणारी स्टेज) आहे, आणि माझ्याकडे त्या कॅथोडवर १८५ व्होल्ट येतात. ईसीसी८३ ला फिलामेंट आणि कॅथोडमध्ये १८० व्होल्टची मर्यादा आहे. फिलामेंट ग्राउंडवर असल्यामुळे ती ओलांडली जातेय.

उपाय असा की फिलामेंटच उचलायचा. ब्लीडरचा २२० के तसाच ठेवून त्याच्या खाली २७ के घातला, त्यावर ४७ मायक्रोफॅरड. त्या जोडावर साधारण ४५ व्होल्ट मिळतात. फिलामेंटच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या १०० ओहमच्या रेझिस्टरांचा मधला बिंदू ग्राउंडवरून काढून इथे जोडला. आता फरक १४० व्होल्ट. तडतड थांबली, आणि ती उरलेली ५० हर्ट्‌झची हमही जवळजवळ गेली. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं असं काम आहे. खर्च नगण्य.

२२ मार्च

स्पीकर. आजवर सेलेशनच्या २५ वॅटच्या दोन ग्रीनबॅकवर ऐकत होतो. आवाज मला फार आवडतो, मिड्स उघडे आणि वरची कड मऊ. पण दोन मिळून ५० वॅट, आणि हे हेड पूर्ण कापायला लागलं की ५० च्या वर जातं. मास्टर ६ च्या पुढे कोन धापा टाकतात. बंद पाठीच्या खोक्यात सेलेशनच्याच ६५ वॅटच्या जी१२-६५ ची जोडी लावली, १६ ओहमचे दोन समांतर, म्हणजे ८. पाम म्यूट आणखी आवळले. चार ग्रीनबॅकचं खोकं हा दुसरा चांगला मार्ग, जागा असेल तर.

मास्टर २ वर आणि ५ वर असताना हा अ‍ॅम्प दोन वेगळे अ‍ॅम्प असल्यासारखा वागतो. कमी मास्टरवर प्रीअ‍ॅम्पचीच करकर ऐकू येते. वर गेलं की फेज इन्व्हर्टर आणि ईएल३४ कापायला लागतात, आणि मग गेन ७ वरून ४ वर आणला तरी आवाज मोठाच वाटतो. एसी/डीसी बँडमधल्या अँगस यंगची एसजी गिटार आणि माल्कम यंगची ग्रेच गिटार ऐकताना आपण समजतो त्यापेक्षा त्यात गेन खूप कमी आणि पॉवर ट्यूब खूप जास्त आहेत.

३० मार्च

गिटारकडे वळलो. १६ के चा गरम (जास्त आउटपुटचा) हंबकर पिकअप काढून ८ के च्या आसपासचा, गिब्सनच्या जुन्या पीएएफ हंबकरच्या धर्तीचा लावला आणि तारांपासून थोडा खाली घेतला. आउटपुट कमी झाला, पण स्ट्रोकची धार आली आणि व्हॉल्यूम ४ वर आवाज स्वच्छ होतो, जे आधी होतच नव्हतं. केबलही लहान केली. लांब केबलची कपॅसिटन्स पिकअपचं शिखर खाली ओढते, आणि त्याची भरपाई मी नकळत ट्रेबल चढवून करत होतो.

६ एप्रिल

पुढे कुणी हे बांधलं तर ताडून बघता यावं म्हणून शेवटची मापं. ईएल३४ च्या प्लेटला ४१२ व्होल्ट, बायस उणे ३८, प्रत्येकी ३८ मिलिअँपिअर. पहिल्या स्टेजचा सप्लाय २८८. दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडवर २.८ व्होल्ट. कॅथोड फॉलोअरवर १८५. फिलामेंट ६.३. फीडबॅक १०० के, ८ ओहमच्या टॅपवरून. हा फीडबॅक काढूनही ऐकला. आवाज मोकळा आणि रानटी होतो, पण स्पीकरच्या अनुनादापाशी बास सैल पडतो आणि म्यूट पुन्हा लोंबायला लागतात, म्हणून परत जोडला.

माझी सेटिंग: गेन ५, मास्टर ५, बास ६, मिडल ७, ट्रेबल ५, प्रेझेन्स ४. मिडल कमी करू नका. एकट्याने वाजवताना तो खुपल्यासारखा वाटतो, पण ड्रम आणि बास गिटार आले की गिटार ऐकू येते ती त्याच पट्टीमुळे.

ईएल३४ ची नवी जोडी काही आठवडे वाजल्यावर बायस पुन्हा बघायचा आहे. सुरुवातीला तो थोडा सरकतो. इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट जोडायची सोय) या पत्र्यात घालणार नाही, त्यासाठी मागे भोकं मोकळी ठेवली होती, ती बंद केली.